निनावी टीका आणि करसल्लागाराचे उत्तर

करसल्लागाराचे काम बव्हंशी डोळ्यांआड चालते. सुताराने केलेले कपाट घरात उभे असते, शिंप्याने शिवलेला सदरा अंगावर दिसतो. करसल्लागाराने आठवडाभर केलेल्या हिशेबजुळणीतून अशिलाच्या हाती पडते ती केवळ विवरणपत्राची पोचपावती. पुढे करपरतावा वेळेवर खात्यात जमा झाला, तर त्याचे श्रेय आयकर खात्याच्या नव्या यंत्रणेला मिळते. नोटीस आली, तर तिचा धनी सल्लागार ठरतो. असा हा व्यवसाय पूर्वापार तोंडी शिफारशीवर उभा आहे. शेजाऱ्याने सांगितले, साडूने नाव सुचविले, बँकेतील कोणी पत्ता दिला, एवढ्यावर माणूस आपली सारी मिळकत एका परक्याच्या पुढ्यात मांडतो. त्यामुळे नावाला लागलेला डाग येथे इतर व्यवसायांपेक्षा अधिक खोल जातो.

निनावी टीका ही काही आजची नव्हे. बँकांच्या शाखांना, शाळांना आणि सरकारी कचेऱ्यांना निनावी पत्रांचा अनुभव फार जुना आहे. ते पोस्टकार्ड मात्र एका टेबलावर येऊन थांबत असे. आता आंतरजालावर कार्यालयाचा पत्ता शोधणाऱ्यास पत्त्याच्याही आधी ताऱ्यांची संख्या दिसते, आणि त्याखाली कोणा टोपणनावाच्या व्यक्तीने लिहिलेल्या चार ओळी. वाचणारा जिना चढायचा की नाही, हे तेथेच ठरवितो. अशा टीकेला करसल्लागाराने उत्तर द्यावे काय, आणि दिल्यास कोणते, हा प्रश्न बँकेच्या ग्राहकांनाही जवळचा आहे. कारण त्यांतील अनेकजण स्वतः व्यावसायिक आहेत व उरलेले बहुतेक कोणा ना कोणा करसल्लागाराचे अशील.

तीन निवृत्त शिक्षक

पुढील उदाहरण कल्पित आहे. तथापि त्यातील प्रत्येक दुवा शाखेच्या काउंटरवर नित्य दिसणारा आहे.

तालुक्याच्या गावी वीस वर्षे व्यवसाय करणाऱ्या एका सनदी लेखापालाच्या नावासमोर एके दिवशी एकच तारा उमटतो. मजकूर असा: “निवृत्त माणसाला दोन वर्षे हेलपाटे. फी आधी घेतात, परतावा मात्र मिळत नाही. विचारले तर बँकेकडे बोट दाखवितात. सावध राहा.” लिहिणाऱ्याचे नाव नाही. सल्लागाराला मात्र ओळख पटल्यासारखे वाटते. गेल्याच आठवड्यात एक निवृत्त मुख्याध्यापक कार्यालयात रागावून गेले होते. त्यांनी दुसऱ्या बँकेतील मुदत ठेवींचे व्याज सांगितलेच नव्हते. वार्षिक माहिती विवरणात ते दिसल्याने परतावा कमी झाला होता. सल्लागार त्याच रात्री उत्तर लिहितो: “सर, दुसऱ्या बँकेतील ठेवींचे व्याज आपण लपविले, म्हणून परतावा घटला. स्वतःची चूक दुसऱ्यावर ढकलू नये.”

उत्तर खरे आहे, मुद्देसूद आहे, आणि ते चुकीच्या माणसाला दिलेले आहे. त्या वर्षी परतावा अडकलेले तीन निवृत्त शिक्षक त्याच्या दप्तरी होते. टीका लिहिली होती तिसऱ्याच्या मुलाने. मुख्याध्यापकांनी काहीही लिहिले नव्हते. परंतु त्यांनी ठेवींचे व्याज लपविले, हे आता गावात कोणालाही वाचता येत होते, आणि “सर” म्हणजे कोण हे ओळखणे लहान गावात मुळीच अवघड नव्हते.

निनावी टीकेत सर्वांत मोठा धोका हा आहे. टीकाकार आपले नाव झाकतो; पण घाईने दिलेले उत्तर दुसऱ्या कोणाचे तरी नाव उघडे करते. अंदाज बरोबर ठरला असता, तरी दोष उरलाच असता.

गुपिताचे बंधन कोणाचे?

करविषयक कामात अशिलाचे प्रतिनिधित्व कोणी करावे, हे १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २८८ ने सांगितले. त्यात सनदी लेखापाल आणि वकील आहेत, नातेवाईक आहेत, आणि ज्या अनुसूचित बँकेत करदात्याचे चालू खाते वा नियमित व्यवहार आहेत तिचा अधिकारीही आहे. (ही शेवटची तरतूद बँकेतील कित्येकांच्या वाचनात आलेली नसते, आणि तिचा लाभ मागणारा ग्राहक तर दुर्मीळच.) या सर्वांवरील बंधने सारखी नाहीत. वकिलास अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या स्पष्ट संमतीविना उघड करता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातील ही तरतूद आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ मध्ये आहे. सनदी लेखापालाचे बंधन १९४९ च्या सनदी लेखापाल अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत, पहिल्या भागाच्या पहिल्याच खंडात आहे. व्यावसायिक कामाच्या ओघात मिळालेली माहिती अशिलाच्या संमतीविना, किंवा कायद्याने आवश्यक नसताना, इतर कोणालाही सांगणे हे गैरवर्तन ठरते. ज्यांच्यावर असे छापील बंधन नाही, त्या सल्लागारांकडूनही अशील तीच अपेक्षा धरून असतो.

येथे अनेक सल्लागारांचा एक समज असतो, की अशिलाने स्वतःच जाहीर वाच्यता केल्यावर गुपित उरले कोठे? हा समज धोक्याचा आहे. अशिलाने जेवढे सांगितले तेवढे त्याने सांगितले. उरलेले अद्याप त्याचेच आहे. शिवाय लिहिणारा खरोखर अशीलच आहे, हे निनावी लेखनात कोणी सिद्ध करावयाचे? वरच्या उदाहरणातील मुलगा सल्लागाराचा अशील नव्हताच. त्याच्या रागामुळे वडिलांची संमती मिळाली, असे म्हणता येत नाही.

बँकेतील अधिकाऱ्यांना हा प्रश्न परका वाटू नये. बँकिंगच्या परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाने टूर्निए विरुद्ध नॅशनल प्रोव्हिन्शियल बँक हा १९२४ चा इंग्रजी निवाडा वाचलेला असतो. खातेदाराकडे थोडी उचल थकली होती. त्याचा पत्ता विचारण्याच्या निमित्ताने शाखा व्यवस्थापकाने त्याच्या मालकांना दूरध्वनी केला आणि बोलता बोलता, याचे पैसे पैजा घेणाऱ्याकडे जातात, असेही सांगून टाकले. त्या माणसाची नोकरी पुढे चालू राहिली नाही. अपील न्यायालयाने खातेदाराच्या बाजूने कौल देऊन फेरसुनावणीचा आदेश दिला आणि गुप्ततेला चार अपवाद सांगितले: कायद्याची सक्ती, सार्वजनिक कर्तव्य, बँकेचे स्वतःचे हित आणि ग्राहकाची संमती. भारतात राष्ट्रीयीकृत बँकांवर हे बंधन १९७० च्या अधिनियमाच्या कलम १३ नेही घातले आहे.

यातील तिसरा अपवाद मोहात पाडणारा आहे. टीकेला उत्तर देणे हे आपल्या हिताचे नव्हे काय? या संदर्भात १९३८ चा संडरलँड विरुद्ध बार्कलेज बँक हा खटला अधिक बोलका आहे. एका विवाहितेचा धनादेश बँकेने परत केला. ती दूरध्वनीवरून तक्रार करीत असता तिचे पती संभाषणात सामील झाले, आणि बँकेने त्यांना सांगितले की बहुतेक धनादेश पैजा घेणाऱ्यांच्या नावे आहेत. न्यायालयाने बँकेचे म्हणणे मान्य केले; आपल्या वर्तनाचे कारण देणे बँकेच्या हिताचे होते आणि पतीस संभाषणात घेण्यात पत्नीची संमती गर्भित होती, असे मानले. पण ते उत्तर कोणाला दिले गेले, हे विसरता येत नाही. दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला तक्रार करणारी स्वतः आणि तिचा पती, एवढेच होते. तेच वाक्य शाखेच्या फलकावर लावले असते, तर त्या निवाड्याचा आधार घेणे कठीण झाले असते. आंतरजालावरील उत्तर हे फलकावरचे उत्तर आहे.

आधी दप्तर, मग उत्तर

उत्तर लिहिण्यापूर्वी करावयाचे काम कंटाळवाणे असते, म्हणूनच ते टाळले जाते. टीकेत ज्या प्रकारच्या कामाचा उल्लेख आहे, त्या प्रकारच्या साऱ्या फायली काढून पाहाव्या लागतात. विवरणपत्र कोणत्या तारखेला भरले? कागद अशिलाकडून केव्हा आले, आणि आल्यानंतर कार्यालयात किती दिवस पडून राहिले? फॉर्म २६एएस व वार्षिक माहिती विवरण यांच्याशी आकडे जुळविले होते काय? खात्याचे सूचनापत्र कोणाच्या ई-मेल पत्त्यावर गेले? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा सल्लागाराला अडचणीत आणणारे असते. सोयीसाठी आयकर खात्याच्या संकेतस्थळावर कार्यालयाचाच ई-मेल व भ्रमणध्वनी नोंदविण्याची पद्धत फार आहे. सूचनापत्र तेथे येऊन पडते, जुलैच्या गर्दीत ते कोणी उघडत नाही, आणि अशिलास त्याची वार्ताही नसते.

दप्तर तपासून चूक आपली निघाली, तर पुढील मार्ग सरळ आहे. कागद वेळेत आले असूनही विवरणपत्र उशिरा भरले गेले आणि १९६१ च्या कायद्याच्या कलम २३४एफ खाली ५,००० रुपये, किंवा उत्पन्न पाच लाखांपर्यंत असल्यास १,००० रुपये शुल्क पडले, तर ते सल्लागाराने आपल्या खिशातून द्यावे. ज्या अशिलांच्या बाबतीत ती चूक झाली त्या सर्वांना दूरध्वनी करावा. टीका कोणी लिहिली, हे त्या दूरध्वनीत विचारू नये.

चूक तिसऱ्याची असण्याचीही शक्यता असते, आणि त्यात कधी बँकही असते. वरील तिसऱ्या शिक्षकांचे प्रकरण असेच होते. ग्राहकाची माहिती अद्ययावत करताना शाखेत त्यांच्या ठेव खात्यास पत्नीचा पॅन क्रमांक जोडला गेला. व्याजावरील टीडीएस नियमितपणे कापला गेला, सरकारात भरलाही गेला. मात्र तो जमा दिसला पत्नीच्या २६एएस मध्ये. शिक्षकांच्या विवरणपत्रातील परताव्याच्या मागणीस आधार न मिळाल्याने कलम १४३(१) च्या सूचनापत्रात ती नाकारली गेली. सल्लागार म्हणत होता, बँकेत जा. काउंटरवरून सांगितले जात होते, टीडीएस भरलेला आहे, सल्लागाराला विचारा. दोघांचेही म्हणणे शब्दशः खरे होते आणि सत्तरीतला माणूस दोन वर्षे जिने चढत होता. बँकेने टीडीएसचे दुरुस्ती विवरण भरावे, असे एक साधे पत्र सल्लागाराने अशिलाच्या हाती पहिल्याच महिन्यात दिले असते, तर ती टीका लिहिलीच गेली नसती. बोट दाखविले, हे टीकेतील वाक्य त्या अर्थी अगदी बरोबर होते.

टीकेचा आणखी एक प्रकार आहे, आणि त्याकडे वाचकांचे लक्ष सहसा जात नाही. “यांना काही येत नाही, दुसऱ्याने याच पगारावर मला मोठा परतावा मिळवून दिला,” असा तो मजकूर असतो. अशी टीका करणाऱ्याला सल्लागाराने बहुधा काहीतरी करण्यास नकार दिलेला असतो. न भरलेले घरभाडे, न दिलेली राजकीय देणगी, न घेतलेला वैद्यकीय विमा दाखवून परतावा काढून देणारे मध्यस्थ देशभर आहेत. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने अशा दाव्यांसंदर्भात देशात सुमारे १५० ठिकाणी तपासणी केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी विवरणपत्रे सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचे शासकीय निवेदनात म्हटले होते. हे मध्यस्थ परताव्यावर टक्केवारी घेतात; सनदी लेखापालास कामाच्या फलितावर अवलंबून असणारी फी घेण्यास १९४९ च्या अधिनियमाची पहिली अनुसूची, नियमांनी दिलेली सूट वगळता, मनाई करते. नकाराबद्दल मिळालेला एक तारा सल्लागाराने मुकाट्याने बाळगावा, हे सांगणे सोपे आणि बाळगणे कठीण. पण “तुम्ही खोटी पावती मागितली होती” असे जाहीरपणे लिहिणे म्हणजे पुन्हा अशिलाचे बोलणे उघड करणेच होय.

उत्तर कसे असावे

मग लिहावयाचे काय? जाहीर उत्तर टीकाकारासाठी नसते. त्याच्याशी बोलण्यासाठी कार्यालयाचे दार आहे, दूरध्वनी आहे. जाहीर उत्तर वाचतो तो अद्याप जिना न चढलेला अनोळखी माणूस, आणि तो मजकुरापेक्षा सूर पाहतो. माझे कागद याच्याकडे दिले आणि उद्या आमचे बिनसले, तर हा माझ्याबद्दल गावाला काय सांगेल, एवढेच त्याला जाणून घ्यावयाचे असते.

म्हणून उत्तर दोन-तीन वाक्यांचे असावे. उदाहरणार्थ: “व्यावसायिक गुप्ततेच्या बंधनामुळे कोणाच्याही कामाविषयी, किंबहुना एखादी व्यक्ती आमची अशील आहे की नाही याविषयीही, येथे लिहिता येत नाही. परतावा अडल्याची तक्रार असलेल्या कोणीही कार्यालयात यावे. फाईल समोर ठेवून, कोणतीही जादा फी न घेता, कारण लेखी दिले जाईल.” यात आरोप मान्य केलेला नाही, नाकारलेलाही नाही. लेखी कारण देण्याचे आश्वासन तेवढे पाळावे लागते. ते पाळावयाचे नसल्यास शेवटचे वाक्य गाळावे.

वीस वर्षांचा अनुभव, हजारो समाधानी अशील, तालुक्यातील अग्रगण्य कार्यालय, असली भर उत्तरात घालण्याचा मोह फार होतो. सनदी लेखापालाच्या बाबतीत हा मोह नियमभंगापर्यंत जाऊ शकतो. परिपत्रक, जाहिरात वा अन्य मार्गाने, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे काम मिळविण्याचा प्रयत्न पहिल्या अनुसूचीच्या सहाव्या खंडात गैरवर्तन म्हणून नोंदलेला आहे. पुतण्या, भाचे आणि कार्यालयातील लेखनिक यांच्याकडून पाच-पाच तारे लिहवून घेण्याची युक्ती तर त्याहून वाईट. आंतरजालावरील ग्राहक-अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक प्रसिद्ध केले. अभिप्राय देणारी व्यक्ती खरी आहे याची पडताळणी व्हावी आणि विकत घेतलेले अभिप्राय नसावेत, हा त्याचा गाभा आहे. ते ऐच्छिक स्वरूपाचे होते. तरीही एकाच आठवड्यात, एकाच आडनावाच्या चौघांनी केलेली स्तुती वाचकाच्या नजरेतून सुटत नाही.

कायद्याची वाट

टीका धादांत खोटी असेल, अफरातफरीसारखा आरोप असेल, तर कायद्याची वाट आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार मजकूर ठेवणाऱ्या मध्यस्थ कंपनीस तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. तेथे अर्ज करता येतो. बदनामीचा गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ व ५०० मधून आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आला आहे. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा अशी शिक्षा त्यात आहे. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्याची मुदत मात्र १९६३ च्या मुदत कायद्यान्वये केवळ एक वर्षाची आहे, आणि निनावी व्यक्तीची ओळख न्यायालयाच्या आदेशाने मिळेपर्यंत त्यातील बराच काळ निघून गेलेला असतो. शिवाय सार्वजनिक हितासाठी सांगितलेले सत्य आणि इतरांना सद्हेतूने दिलेला इशारा यांना कायद्याने अपवाद ठेवले आहेत. दोन वर्षे परतावा न मिळालेल्या माणसाच्या मुलाने “सावध राहा” असे लिहिले, तर तो अपवादात बसण्याचीच शक्यता अधिक. नोटीस पाठविण्याची भाषा करण्यापूर्वी सल्लागाराने याचा विचार करावा.

उलट बाजूने अशिलासही एक गोष्ट ठाऊक असावी. सनदी लेखापालांच्या गैरवर्तनाच्या चौकशीसाठी २००७ साली केलेल्या नियमांत निनावी माहितीची दखल न घेण्याची तरतूद आहे. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांच्या कर्मचाऱ्यांनाही हे तत्त्व परिचित आहे. केंद्रीय दक्षता आयोगाने २९ जून १९९९ रोजी निनावी तक्रारींवर कारवाई न करण्याचे निर्देश दिले, २००२ मध्ये पडताळण्याजोगी तथ्ये असल्यास आयोगाच्या संमतीने चौकशीची मुभा दिली आणि २०१४ मध्ये ती मागे घेतली. सही करून तक्रार केली, की सल्लागारास लेखी निवेदन द्यावे लागते आणि कागदपत्रे योग्य त्या मंचापुढे येतात. चार ओळींच्या निनावी मजकुराने ते घडत नाही. नाव सांगण्याची भीती वाटते, हेही खरे; ज्याच्याकडे आपल्या साऱ्या मिळकतीचे कागद आहेत, त्याच्याविरुद्ध सही करणे सोपे नसते. सल्लागाराने जुन्या फायली मागितल्याबरोबर, कुरकुर न करता परत दिल्या, तर ही भीती निम्म्याने कमी होते.

उदाहरणातील तीन शिक्षकांपैकी तिसऱ्यांचे काम शेवटी मार्गी लागले. शाखेने खात्यातील पॅन क्रमांक सुधारला, टीडीएसचे दुरुस्ती विवरण भरले गेले, सल्लागाराने दुरुस्ती अर्ज केला आणि परतावा दरमहा अर्धा टक्का व्याजासह खात्यात जमा झाला. मुलाने एक तारा काढला नाही. सल्लागाराने आपले रात्रीचे उत्तर काढून त्या जागी दोन वाक्यांचे नवे उत्तर ठेवले. नंतर तो मुख्याध्यापकांच्या घरी गेला. ते ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत बसले होते. त्यांनी चहा दिला, क्षमेचे शब्द ऐकून घेतले, आणि पुढल्या वर्षीच्या कामासाठी आपली फाईल परत मागितली.